हलकी, पण हलकी नको

अप्पांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, जाड बुडाची आणि पातळ बुडाची. पातळ बुडाचं माणूस लवकर तापतं, लवकर करपतं आणि शेवटी पोचे पडून भंगारात जातं. जाड बुडाचं सावकाश तापतं, पण एकदा तापलं की स्वयंपाक होईपर्यंत धीर सोडत नाही. उमरग्याला त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर मी भाडेकरू म्हणून गेले, तेव्हा त्यांनी माझं नाव-गाव विचारण्याआधी मला एकदा खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगितलं, "जाड बुडाची हाय. ठिवू." मी पुढचे काही दिवस आरशासमोर उभी राहून या वाक्याचा अर्थ लावत होते.

अप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. तीन पिढ्यांचं. स्टीलची पातेली, पितळी घागरी, रुखवताचे संच, पंगतीच्या पराती. भांडं हातात घेतलं की आधी बोटाच्या पेरानं त्याला टिचकी मारायची, कान जवळ नेऊन नाद ऐकायचा, मग हुकाच्या वजनकाट्याला अडकवून वर धरायचं. हा काटा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असायचा, दुसरा एखादा माणूस चष्मा ठेवतो तसा. "भांडं वजनानं घ्यावं, चकाकीनं न्हाय," हे त्यांचं ब्रीद. टिचकीची सवय दुकानापुरती राहिली नव्हती. कलिंगड, दरवाजा, लग्नाच्या मांडवाचा खांब, सगळ्यांना टिचकी. एकदा माझ्या हेल्मेटला मारली आणि मान हलवत म्हणाले, "मॅडम, ह्यात डोकं ठिवू नका. डोक्यातच हेल्मेट ठिवल्यागत हुईल." याचाही अर्थ मला आजपर्यंत लागलेला नाही.

मला ते मॅडम म्हणायचे, कारण मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होते. साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेली एकटी बाई, म्हणून अक्कांनी मला पहिल्याच आठवड्यात 'अगं पोरी' करून टाकलं, पण अप्पांनी आजपर्यंत मॅडम सोडलेलं नाही. "तुमी रक्त बगता, म्या भांडं बगतो. आत काय हाय ते बाहेरनं वळखायचं. दोगांचा धंदा एकच," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे.

घरात नवरा-बायको कन्नड बोलायचे, दुकानात मराठी, आणि हिशेब चुकला की दख्खनी हिंदीत शिव्या. मला इतक्या दिवसांत कन्नडचा एकच तुकडा आला. अप्पांनी कुठल्याही गोष्टीवर वाद घालायला सुरुवात केली की अक्का पदर खोचून म्हणायच्या, "बिड्री!" म्हणजे सोडा आता. दिवसातून अनेकदा कानावर पडायचं, त्यामुळे 'बिड' म्हणजे सोडणं हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. हे एवढंसं ज्ञान पुढं काय करणार होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

अप्पा स्वतः चांगले वजनदार होते. कपाळाला विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, पांढरा स्वच्छ सदरा, आणि त्या सदऱ्याच्या बटणांचा रोजचा जीवन-मरणाचा झगडा. बाजारपेठेत त्यांच्या शब्दालाही तसंच वजन होतं. भावाभावांची भांडणं, लग्नाची बोलणी, सगळीकडे अप्पांना बोलावणं. आणि त्यांच्या तोंडची सगळ्यात मोठी शिवी होती 'हलका'. माल हलका, माणूस हलका, बोलणं हलकं. लोकांत हलकं पडणं याची तर त्यांना धास्ती होती. म्हणून ते कधी रस्त्यावर उभं राहून भजी खात नसत, कधी पळत एसटी धरत नसत, आणि दुचाकीवर कधीच बसत नसत. "दोन पायांवर तिवई उबी ऱ्हात न्हाय, दोन चाकांवर माणूस काय ऱ्हाईल?" असं म्हणून ते दुकानाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून लग्नाला जायचे. मागे पातेली खणखणत असायची. सगळ्या रस्त्याला कळायचं, अप्पा आले.

मग साखर आली. माझ्याच हातानं आली म्हणा ना, कारण रक्त मीच काढलं होतं. रिपोर्ट बघून मी दुसऱ्यांदा तपासलं, तेव्हाही तेच. शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी अप्पांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की गोळ्या चालू करू, पण अंग हलवल्याशिवाय ही उतरायची नाही. गुडघ्यांना चालणं सोसत नाही, तर सायकल घ्या आणि रोज सकाळी तासभर चालवा. अप्पांनी मान डोलावली. अक्का मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "आमचे थोरले भावजी आसंच उद्या-उद्या म्हणत ऱ्हायले, पोरी. साखरंनं पाय गेला त्यांचा. पंगतीत मांडी घालून बसणारा माणूस खुर्चीला चिकटला. ह्यांचं तसं झालं तर म्या काय करू?" या बाईच्या डोळ्यांत मी कधी पाणी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून अप्पांची सायकल ही माझ्याही घरचीच गोष्ट झाली.

अप्पांनी सायकल घ्यायचं मनावर घेतलं खरं. पण कशी घ्यायची? तर पारखून. मोबाइलवर ते तासन्‌तास सायकलींचे व्हिडिओ बघायला लागले. तिथं त्यांच्या आयुष्यभराच्या शहाणपणाला पहिला धक्का बसला. एक तरुण सांगत होता की चांगली सायकल म्हणजे हलकी सायकल. जितकी हलकी, तितकी महाग.

अप्पा मोबाइल घेऊन जिना चढून वर आले, गुडघे दुखत असताना. "मॅडम, हे बगा. वजन कमी आन्‌ भाव जास्त! ह्यो कुठला न्याय? उद्या म्या कागदाची घागर इकतो पितळंच्या भावात!" मी त्यांना समजावलं, की चढावर आपल्यालाच ओढायची असते, म्हणून हलकी बरी. अप्पांनी बराच विचार केला. "म्हंजे हलकी पायजे," ते म्हणाले, "पण हलकी नको." आणि त्या क्षणी त्यांना मराठी भाषेचा भयंकर राग आला. कन्नडात म्हणे दोन वेगळे शब्द आहेत, वजनाला कमी ते 'हगुर' आणि किमतीला कमी ते 'अग्ग'. "तुमच्या मराठीनं दोगांना एकाच पातेल्यात घातलंय," ते मला म्हणाले, जणू मराठी भाषा मीच साताऱ्याहून घेऊन आले होते.

या शब्दानं लातूरला घोटाळा केला. एका मोठ्या दुकानात आम्ही तिघं गेलो होतो. अप्पांनी सांगितलं, "हलकी सायकल दावा." विकणाऱ्या माणसाला वाटलं गिऱ्हाईक कमी पैशांचं आहे. त्यानं कोपऱ्यातली, गंज धरलेली, लालभडक रंगाची एक काढली. अप्पांचा चेहरा त्या सायकलीहून लाल झाला. "आसली हलकी न्हाय ओ! हलकी, हलकी!" तो माणूस पुण्याकडून नव्यानंच आलेला. तो आणखी स्वस्तातली शोधायला लागला. शेवटी अप्पांनी वैतागून, एकच एक अर्थ असलेला कन्नड शब्द वापरला. पोटावर हात ठेवून, कळवळून, मोठ्यानं म्हणाले, "हगुर! हगुर पायजे हो मला!"

त्या बिचाऱ्याला हा शब्द अस्सल मराठी वाटला. त्यानं अदबीनं दुकानाच्या मागच्या बाजूचं दार दाखवलं आणि नळाला पाणी आहे असंही सांगितलं. अक्का तोंडात पदर कोंबून बाहेर पळाल्या. मी सायकलींच्या रांगेमागे बसले ती बराच वेळ उठले नाही. अप्पा मात्र ताठ मानेनं बाहेर आले आणि लातूर हे शहर हलकं आहे असा निकाल देऊन टेम्पोत बसले.

पण सांगते, माणूस पारखी होता. काही महिन्यांत उमरग्यात कोणीही व्यायामासाठी सायकल घ्यायची म्हटलं की आधी अप्पांच्या दुकानात यायला लागलं. अप्पा गल्ल्यावर बसून घागरी विकता विकता सायकलींवर बोलायचे. किंमत ते नेहमी भांड्यांत सांगायचे. "एका बऱ्या रुखवताच्या आत बसंल आशी घ्या. त्याच्यावर गेला तर चकाकीचं पैसं." स्वस्तातल्या सायकलीला मागं पण स्प्रिंग असला तर ते हात जोडायचे. "पुढं आसू द्या, खड्ड्याला बरा. मागं कशाला? पाट्याखाली गादी घालून चटणी वाटल्यागत हाय ते. निम्मा जोर गादीतच." खूप गिअरची जाहिरात कोणी दाखवली की म्हणायचे, "घरात डझनभर झारे हायेत म्हून जिलबी गोड हुती का?" आणि सायकलीची उंची आपल्या पायांच्या मापानं घ्या, हे ते प्रत्येकाला बजावायचे. टायर रुंद घ्या, कारण डोंगर आपल्याकडं नसला तरी हायवेचं काम कायम चालू आहे, हेही.

बँकेचे मॅनेजर, दोन मास्तर, खुद्द डॉक्टर, सगळे अप्पांच्या सल्ल्यानं सायकली घेऊन बारीक झाले. डॉक्टर तर इतके उतरले की पेशंटना वाटायला लागलं यांनाच काहीतरी झालंय. आणि अप्पांकडं सायकल नाही ती नाहीच. ही जड, तिचा नाद फुटका, तिचं हँडल आखूड, त्या कंपनीचं नाव उच्चारायला अवघड. पावसाळा गेला, हिवाळा गेला. दर खेपेला मी रक्त घ्यायची आणि दर खेपेला आकडा मला वाकुल्या दाखवायचा. मी चिडायची, अप्पा म्हणायचे, "मॅडम, घाईत घेतलेलं पातेलं आन्‌ घाईत केलेली सोयरीक, जन्मभर जळती."

शेवटी अक्कांनी शस्त्र काढलं. अप्पांसाठी रोज होणारी कारल्याची भाजी त्यांनी स्वतःही खायला सुरुवात केली. दोन्ही वेळा, समोर बसून, एकही शब्द न बोलता. सायकल दारात येईपर्यंत गोडाचा कण तोंडात घेणार नाही, सणाची गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी, तीसुद्धा नाही, असं आधीच बजावलेलं. लिंगायत घरात सणाला हुग्गी झाली आणि घरच्या बाईनं ती वाढून स्वतः खाल्ली नाही, म्हणजे काय ते तिकडच्या माणसालाच कळेल. त्या सणाच्या दुसऱ्या दिवशी अप्पा टेम्पोनं सोलापूरला गेले. तिथल्या दुकानदाराला 'हगुर' बरोबर कळलं, कारण तोही घरात कन्नडच बोलणारा. संध्याकाळी सायकल आली. राखाडी रंगाची, साधी, रुंद टायरची, पुढं एकच स्प्रिंग. अप्पांनी सगळ्या गल्लीसमोर तिला टिचकी मारली, काट्याला अडकवून वर उचलली. "हलकी हाय. पण हलकी न्हाय," त्यांनी जाहीर केलं. अक्कांनी तिला हळद-कुंकू लावलं आणि उरलेली हुग्गी उभ्या-उभ्या खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा पहाटे पॅंटला चिमटा लावून, डोक्यावर हेल्मेट घालून सायकल घेऊन बाहेर पडायला लागले. तासाभरानं घामाघूम होऊन परत. गल्ली कौतुक करायची. आणि आकडा? तो जागचा हलला नव्हता. गुडघे मात्र सुजले होते. मला काही कळेना. रक्त खोटं बोलत नाही, एवढं माझ्या धंद्यानं मला शिकवलंय.

मग एका सकाळी एका म्हाताऱ्या पेशंटचं रक्त घ्यायला मी गावाबाहेरच्या वस्तीवर चालले होते. जुन्या रस्त्याला, बाभळीच्या आडोशाला, अप्पा दिसले. हेल्मेट घातलेलं, चिमटा लावलेला, आणि सायकल हातानं ढकलत चालले होते. गुडघ्यातून लंगडत. मी स्कूटी थांबवली.

"अप्पा, पंक्चर?"

"न्हाय," ते म्हणाले. मग सायकलीला टेकून उभे राहिले. "गाडी अंगवळणी पाडायलोय."

"ढकलून?"

अप्पांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं. कोणी नव्हतं. "मॅडम," ते एवढ्या बारीक आवाजात बोलले की मला ओळखू येईना, "मला येत न्हाय."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. ते सांगत राहिले. लहानपणी वडिलांनी कधी शिकू दिलं नाही. पेठेतल्या मोठ्या दुकानाचं पोर रस्त्यात पडलं तर दुकान हलकं पडतं, असं वडील म्हणायचे. मग मोठे झाले, मग आणखी मोठे झाले, आणि मग न येणं हेच लपवायची गोष्ट झाली. "समद्या गावाला म्या शिकवलं कुठली घ्यायची. आता ह्या वयात, ह्या अंगानं, लोकांसमोर धपकन पडलो तर? काय ऱ्हायलं माजं वजन?"

"आणि पाय गेला तर काय राहील?" मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. मला त्यांचा फार राग आला होता आणि फार मायाही वाटली होती. दोन्ही एकदम झालं की मी मोठ्यानं बोलते.

ठरलं असं, की मोंढ्यात शिकायचं. पहाटे धान्याचा लिलाव सुरू व्हायच्या आधी तिथलं पटांगण मोकळं असतं, फरशी सपाट, आणि भोवती भिंत. अक्कांना सांगावं लागलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी कपाळाला हात लावला, "एवड्यासाटी म्या कारलं खाल्लं व्हय ओ?" असं अप्पांना विचारलं, आणि चप्पल काढून तयार झाल्या. एका बाजूला मी, एका बाजूला अक्का, दोघींनी सीट धरलेली, मध्ये अप्पा. पहिले काही दिवस सायकल कमी आणि आम्ही दोघीच जास्त चाललो. माझे दंड भरून आले. अप्पा हँडल असं आवळून धरायचे की ब्रेक लागलेलेच. "पुढं बगा!" मी ओरडायची. "खाली बगितल्याबिगर चाक कळत न्हाय," ते ओरडायचे. मग दोघांचा वाद, मग अक्कांचं "बिड्री!" आणि पुन्हा पहिल्यापासून.

मग एका दिवशी आठवडी बाजार होता. मोंढ्याच्या फाटकाबाहेर भाजीवाल्या बायका पाल टाकून ढीग लावत होत्या. आत आमचं चाललं होतं. अक्का दमून पायरीवर टेकल्या, मी एकटीच सीट धरून पळत होते. सायकलीनं जरा वेग घेतला. अप्पा घाबरले. आणि घाबरलं की माणूस आईच्या भाषेत ओरडतं. "बिडब्याड!" अप्पा किंचाळले. "बिडब्याड! बिडब्याड!"

मी ऐकलं 'बिड'. पुढचं 'ब्याड' मला कळलंच नाही. इतक्या दिवसांनी माणूस स्वतःच्या तोंडानं सोडा म्हणतंय, याचा मला एवढा आनंद झाला की मी दोन्ही हात सोडून टाळ्या वाजवायला लागले. मागून अक्का ओरडल्या, "अगं, सोडू नको म्हनायलेत ते!"

अप्पा चालले होते. एकटे. त्यांना ठाऊक नव्हतं की मी मागं नाही. "मॅडम, आता जमायलंय बगा," ते हवेशी बोलत होते, "धरा मात्र नीट." सदरा पाठीवर फुगला होता, पाय गोल फिरत होते, आणि समोर मोंढ्याचं फाटक उघडं होतं. ब्रेकची ओळख अजून नीट झालेली नव्हती. फाटकातून ते बाहेर गेले. हायवेकडून बाजारात येणारी माणसं, चहावाले, पेठेतले दोन भांडीवाले, सगळे वळून बघायला लागले. अप्पांनी मागं वळून बघितलं, मागं कोणीच नाही असं त्यांना दिसलं, आणि मेथीच्या ढिगात ते सायकलीसकट शिरले.

 मी धावत पोचले, मागून अनवाणी अक्का. अप्पा मेथीत बसलेले. हेल्मेट वाकडं, विभूतीवर दोन हिरवी पानं, सदऱ्याची दोन बटणं कायमची गेलेली. ज्या दृश्याला हा माणूस साठ वर्षं भ्याला, ते दृश्य अख्ख्या उमरग्यानं उजेडात बघितलं होतं. पुढं यथावकाश त्यांची साखर उतरली, गुडघेही सुधारले, आणि भाचीच्या घरी चहा प्यायला ते आतल्या रस्त्यानं नळदुर्गपर्यंत सायकलवर गेले. आता मी धाराशिवला असते, तरी त्यांचे रिपोर्ट अजून मलाच फोनवर वाचून दाखवतात. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता.

मेथीवाली मावशी पुढं झाली. तिला आधी आपली भाजी दिसायला हवी होती, पण तिनं अप्पांचा हात धरला. "अप्पा, लई लागलं का ओ? कसं वाटायलंय?"

अप्पांनी मेथीतून वर बघितलं. आधी अक्कांकडं, मग माझ्याकडं, मग पेठेतल्या त्या दोन भांडीवाल्यांकडं. पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं हसायला लागले.

"हलकं," ते म्हणाले. "लई हलकं वाटायलंय."